गळक्या बरण्या आणि माझा प्रयोग

"आजपासून तुम्ही सगळे शास्त्रज्ञ आहात," असं टिपणीससर म्हणाले, तेव्हा आमच्यापैकी दोघे जांभया देत होते. त्यातला एक मी.

टिपणीससर पुण्याहून आले होते, आमची उन्नती करायला. आमची कंपनी लोणच्याची, सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत. कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून आम्हा अठ्ठावीस जणांना ओळीनं बसवलं होतं. समोर टाय लावलेले टिपणीससर आणि मागच्या खिडकीतून येणारा मोहरीच्या फोडणीचा वास. तीनदा शिंकून त्यांनी आपला मुद्दा मांडला. माणसाची प्रगती अडते, कारण तो स्वतःबद्दल नुसते अंदाज बांधून बसतो. अंदाज बांधू नका, प्रयोग करा. आपल्या करिअरबद्दलचं एक गृहीतक लिहा, ते तपासायची युक्ती शोधा आणि जो निकाल येईल तो प्रामाणिकपणे मांडा. त्यासाठी सहा आठवडे दिले होते. शेवटच्या दिवशी मालकांसमोर सादरीकरण आणि उत्तम प्रयोगाला बक्षीस.

मग प्रत्येकाला एक निळी वही मिळाली. आमचे जनरल मॅनेजर मगदूमसाहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. ती मान डोललेली बघून माझी जांभई मधेच थांबली. मला माझं गृहीतक सापडलं होतं.

ही गोष्ट २००४ सालची. मी दिगंबर पाथरीकर, वय अडतीस, पॅकिंग विभागाचा सुपरवायझर. नऊ वर्षांपूर्वी परभणीहून डिप्लोमा घेऊन आलो आणि जिथं चिकटलो तिथंच राहिलो. बढतीच्या वेळी दोनदा माझं नाव मागं पडलं. आता कागलला नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या इनचार्जची जागा भरायची होती. ती मला मिळणार नाही याची मला खात्री होती. का मिळणार नाही याचीही होती. मी डिग्रीवाला नव्हतो, सांगलीचा नव्हतो आणि अजूनही घाईत बोलताना 'करायलोय' म्हणायचो, त्यावर लोक हसायचे.

पुरावाही होता. दोन वर्षांपासून आमच्या बरण्या गळत होत्या. नागपूरकडे गेलेली खोकी तेलात भिजून परत यायची. कंपनीचं ठाम मत होतं की झाकणं वाईट आहेत. झाकणवाले तीनदा बदलले. तिन्ही झाकणवाल्यांच्या बरण्या सारख्याच भक्तिभावानं गळल्या. मी मात्र कारण शोधलं होतं. मशीनची नळी बरणी भरून वर उचलली जाते, तेव्हा तेलाचा एक थेंब बरणीच्या काठावर पडतो. काठ तेलकट झाला की झाकण कितीही आवळा, ते धरत नाही. उपाय सोपा होता. बरण्या सरकवत नेणाऱ्या पट्ट्यापाशी एक बाई उभी करायची आणि फडक्यानं काठ पुसून घ्यायचे.

हे मी मगदूमसाहेबांना दीड वर्षापूर्वी लेखी दिलं होतं. अकरा पानं, आकृत्यांसह. उत्तर आलं नाही. त्यामुळे निळ्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं: 'या कंपनीत सूचना नाकारली जाते ती सूचनेमुळे नव्हे, तर सूचना देणाऱ्यामुळे.' वाक्य मला इतकं आवडलं की त्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या.

आता तपासणीची युक्ती. तीच सूचना दुसऱ्या कुणीतरी द्यायची. निवड करायला मला वेळ लागला नाही. गुणवत्ता विभागात मृदुला आवटी नावाची मुलगी आठ महिन्यांपूर्वी लागली होती. चोवीस वर्षांची, सांगलीचीच, इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेली. माझ्यात जे जे नव्हतं ते सगळं तिच्यात एकत्र होतं. प्रयोगाला याहून चांगला नमुना कुठं मिळणार?

मी तिला बोलावून सगळं समजावलं. सूचना माझी, नाव तिचं. माझा उल्लेख कुठंही करायचा नाही. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि हे काही बरोबर वाटत नाही, असं म्हणाली. मी तिला विज्ञानाचं महत्त्व सांगितलं. मग तिनं ती अकरा पानं वाचायला मागितली. माझ्याकडची प्रत देताना मी बजावलं की निकाल लागेपर्यंत या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही.

"का?" तिनं विचारलं.

"प्रयोग बिघडतो, मॅडम. तुमच्या डिग्रीत शिकवलं असेल की."

माझ्या निम्म्या वयाची नसली तरी बऱ्यापैकी लहान असलेल्या मुलीला मी मॅडम म्हणायचो, ते आदरानं नव्हे. हे तिला कळत होतं. तरी ती "बरं सर" म्हणाली आणि कागद घेऊन गेली.

पुढच्या महिन्याभरात ती तीनदा माझ्या टेबलाशी आली. पहिल्यांदा म्हणाली, त्या फडक्याबद्दल थोडं विचारायचं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्यांदा ती नुसती उभी राहिली आणि मी हातानंच नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा मी फोन उचलून कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं, पण माझी शिस्त टिकली.

तिसऱ्या आठवड्यात ती मला दोन नंबरच्या लाइनवर दिसली. बायकांच्या घोळक्यात, उलट्या घातलेल्या पिंपावर बसून डबा खात होती. झाकणं लावणारी शेवंताबाई तिला हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि ही ऐकत होती. पोरीला गप्पांचा नाद दिसतोय, अशी मी मनात नोंद केली. वहीत नाही केली, कारण त्या नोंदीचा प्रयोगाशी काही संबंध नव्हता.

पाचव्या आठवड्यात नोटीस लागली. कु. मृदुला आवटी यांच्या अहवालानुसार तिन्ही लाइनवरच्या मशीनमध्ये बदल मंजूर. मी कचेरीत चौकशी केली. अहवाल देऊन फक्त आठ दिवस झाले होते. माझी अकरा पानं दीड वर्ष पडून होती आणि तिचा कागद आठ दिवसांत पास. आपल्यावर झालेला अन्याय सिद्ध झाला की माणसाला एवढा आनंद होतो हे मला त्या दिवशी समजलं. घरी जाताना मी जिलेबी घेतली. बायकोनं विचारलं, बढती मिळाली का? मी म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी मिळालं. तिनं जिलेबीची पुडी बाजूला ठेवली.

मशीनमध्ये केलेला बदल मी बघितला होता. काठ पुसायला बाई उभी केली नव्हती. त्याऐवजी नळी वर उचलली गेली की तिच्याखाली एक छोटी स्टीलची वाटी सरकायची आणि थेंब वाटीत पडायचा. मला हसू आलं. डिग्रीवाल्यांना दुसऱ्याच्या सूचनेत काहीतरी बदलल्याशिवाय चैन पडत नाही, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

सादरीकरणाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वरच्या खिशात टाइप केलेला राजीनामा ठेवला. लातूरला एका मित्राची तेलाची गिरणी होती, तो कधीचा बोलवत होता. बेत असा होता की मालकांसमोर कंपनीची अब्रू काढायची, मग राजीनामा त्यांच्या हातात द्यायचा आणि सगळे बघत असताना दरवाज्यातून बाहेर पडायचं. कुठल्या दरवाज्यातून, तेही ठरवलं होतं.

माझ्या आधी सात जणांनी विज्ञानात भर घातली. हिशेब विभागातले साळोखे सहा आठवडे दहा मिनिटं लवकर आले होते. निष्कर्ष असा की वॉचमन त्यांना ओळखू लागला. स्टोअरच्या कुलकर्ण्यांनी चारनंतरचा चहा सोडला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की चारनंतर आपण काहीच करत नव्हतो. खरेदी विभागातल्या एकानं फोनवर फक्त इंग्रजीत बोलण्याचा प्रयोग केला. दुसऱ्या आठवड्यात मिरचीचा पुरवठाच बंद पडला, तेव्हा त्याला थांबवलं गेलं. टिपणीससर प्रत्येकाला "फार सुंदर" म्हणत होते. मालक अण्णासाहेब मधल्या खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते.

मग मी उठलो. प्रोजेक्टरवर पारदर्शिका ठेवली आणि भिंतीवर माझं गृहीतक उमटलं, लाल रेघांसह. अण्णासाहेबांनी डोळे उघडले. मी सावकाश बोललो, घाई केली नाही, 'करायलोय' एकदाही म्हटलं नाही. सूचना कुणाची, दिली कधी, किती पानं, उत्तर किती दिवसांत आलं नाही. मग तीच सूचना दुसऱ्या नावानं गेली आणि आठ दिवसांत मंजूर झाली. तिसऱ्या रांगेत मृदुला माझ्याकडे बघून सारखी मान हलवत होती, नको नको म्हणून. पोरगी घाबरलीय असं मला वाटलं. तिला धीर यावा म्हणून मी म्हटलं, "यात आवटी मॅडमचा काही दोष नाही. त्या फक्त माझ्या प्रयोगाचं साधन होत्या."

मगदूमसाहेब उठले आणि बाहेर निघून गेले. आता ते माझ्या नजरेला नजर देऊ शकत नाहीत, असं वाटून मी जरा जास्तच ताठ उभा राहिलो. दोन मिनिटांनी ते परत आले, तेव्हा त्यांच्या हातात फाइल होती. त्यातला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढं धरला.

"पाथरीकर, हा आवटींचा अहवाल. एकच पान आहे. मोठ्यानं वाचा."

मी वाचू लागलो. मला तो कागद आजही पाठ आहे.

"विषय, बरण्यांतून होणारी तेलाची गळती. मूळ सूचना, श्री. दिगंबर पाथरीकर, पॅकिंग विभाग."

मी थांबलो. "पुढं वाचा," मगदूमसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"दोष झाकणात नसून नळीतून काठावर पडणाऱ्या थेंबात आहे, हे श्री. पाथरीकर यांनी दीड वर्षापूर्वीच लिहून दिले आहे. ते बरोबर आहे. चाचणी. शंभर बरण्या नेहमीप्रमाणे भरल्या, शंभर बरण्यांचे काठ श्री. पाथरीकर यांच्या सूचनेप्रमाणे फडक्याने पुसले, शंभर बरण्या भरताना नळीखाली वाटी धरली. सर्व बरण्या दोन दिवस पालथ्या ठेवल्या. नेहमीच्या शंभरांत एकोणतीस गळल्या. पुसलेल्या शंभरांत सव्वीस..."

इथं मी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. मी पाणी प्यायलो आणि वाचत राहिलो, कारण न वाचता उभं राहणं त्याहून कठीण होतं.

"वाटीच्या शंभरांत एक गळली. पुसण्याचा उपाय टिकत नाही, कारण दहा-बारा बरण्यांनंतर फडकेच तेलकट होते आणि काठाला तेल लावत जाते. हे दोन नंबर लाइनच्या शेवंताबाई माने यांनी चाचणीच्या आधीच सांगितले होते. वाटीची कल्पना त्यांची आहे."

खाली मृदुलाची सही होती. सहीच्या वर दोन नावं होती, पहिलं माझं आणि दुसरं शेवंताबाईचं.

मी कागद परत दिला. भिंतीवर माझं गृहीतक अजून झळकत होतं. प्रोजेक्टर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. टिपणीससर मात्र एकदम उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या मते हा दिवसातला सर्वोत्तम प्रयोग होता. गृहीतक खोटं ठरलं तरी प्रयोग खोटा ठरत नाही, असं त्यांनी सर्वांना समजावून सांगितलं आणि माझं कौतुक करायला शब्द अपुरे आहेत असं म्हणून पंधरा मिनिटं बोलले. पहिलं बक्षीस मला मिळालं, एक काचेचं मानचिन्ह. अण्णासाहेबांनी ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "परभणीचे ना तुम्ही?" मी हो म्हटलं. खिशातला राजीनामा कुणाला द्यायचा आणि कशाबद्दल द्यायचा, हेच मला आता समजत नव्हतं.

संध्याकाळी मगदूमसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी आत जाण्याआधीच ठरवलं होतं की हार मानायची नाही. खुर्चीत बसता बसताच म्हटलं, "तरी एक राहतंच साहेब. तिचा कागद तुम्ही वाचलात आणि माझा वाचला नाहीत."

त्यांनी ड्रॉवरमधून माझी अकरा पानं काढली. पहिली तीन हाताळून मऊ झाली होती, उरलेली कोरी करकरीत.

"तीन पानं वाचली," ते म्हणाले. "त्या तीन पानांत मला झाकणांतलं काही कळत नाही, मशीनमधलं कळत नाही आणि माणसांतलं तर मुळीच कळत नाही, एवढं होतं. थेंब चौथ्या पानावर आहे, हे मला आवटींनी सांगितलं."

मी चौथं पान उलटून बघितलं. थेंब तिथंच होता.

"वाचायला हवं होतं मी," ते पुढं म्हणाले. "राग आला म्हणून बाजूला टाकलं आणि दीड वर्ष माल परत घेत बसलो. तो दोष माझा. म्हणजे तुमचं गृहीतक थोडंफार खरंही आहे. वहीत तसं लिहा."

त्यांनी हे चेष्टेनं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण ते तसं म्हणाले नव्हते.

बाहेर मृदुला थांबली होती. मी तिला विचारलं, माझं नाव घालायचं नाही असं ठरलं होतं, मग का घातलंस? पहिल्यांदाच माझ्या तोंडून मॅडमऐवजी एकेरी आलं आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

"सूचना तुमची होती ना, सर."

"मग मला सांगायचं तरी."

"तीनदा आले होते." तिनं बोटं मोजून दाखवली. "तिसऱ्यांदा तुम्ही फोनवर बोलत होतात. तुमच्या फोनची वायर काढलेली होती, सर. दुरुस्तीला."

मी माफी मागितली. तीही नीट जमली नाही. साधन म्हटल्याबद्दल मागायची होती, ती फोनबद्दल मागितली गेली. ती म्हणाली, ठीक आहे. ते ठीक नव्हतं, आणि तसं व्हायला पुढं बरेच महिने गेले.

कागलची जागा मृदुलालाच मिळाली. चोवीस वर्षांच्या मुलीला कारखाना कसा देतात, असं पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते मीच, मनातल्या मनात. दुसऱ्या वर्षी तिनं मला तिकडं मागून घेतलं. तिच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली आणि ती मोठ्या कंपनीत गेल्यावर तिच्या खुर्चीत बसलो. टिपणीससरांना हे समजलं असतं तर त्यांनी ते स्वतःच्या शिबिराच्या माहितीपत्रकात छापलं असतं, म्हणून मी त्यांना कळवलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवसाचं. त्या सकाळी मी टेबलाशी न जाता सरळ दोन नंबरच्या लाइनवर गेलो. नऊ वर्षांत मी तिथून रोज चार वेळा गेलो होतो, पण कधी थांबलो नव्हतो. शेवंताबाई झाकणं लावत होती. मी जवळ जाऊन म्हटलं की वाटीची कल्पना चांगली होती. तिनं मान वर न करता सांगितलं की घरी तेलाच्या बुधल्याखाली ती तेच करते, त्यात डोकं कसलं लागतंय. मग मी विचारलं की अजून काय अडतं ते सांगा, मी लिहून घेतो. पेन काढलं. आसपासच्या बायका हसल्या.

"लिवताय कशाला?" शेवंताबाई म्हणाली. "या हितं, दहा मिनिटं झाकणं लावून बघा."

तिनं मला स्वतःची जागा दिली. मी पट्ट्याला लागून उभा राहिलो. काम अवघड नव्हतं. पट्टा बरोबर माझ्या कमरेला येत होता, हात सहज पोचत होते. याचा त्रास कुणाला आणि का व्हावा, मला कळेना. मी तसं बोलूनही दाखवलं. शेवंताबाई बाजूला उभी होती आणि एकाएकी खूप बुटकी वाटत होती, माझ्या खांद्याच्याही खाली. मला आश्चर्य वाटलं, कारण लाइनवर मी तिला कायम माझ्याएवढीच बघितली होती. मग मी खाली बघितलं.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, बाकीच्या तेराच्या तेरा जणी, मालाच्या रिकाम्या लाकडी खोक्यांवर उभ्या होत्या. आठ तास, खोक्याच्या कडेवर तोल सांभाळत. दोन-तीन खोक्यांच्या फळ्या निखळल्या होत्या, त्यावर चिंध्या बांधल्या होत्या.

पट्टा बसवला तेव्हा त्याची उंची मी ठरवली होती. कंपनीतलं ते माझं पहिलं काम. स्वतः तिथं उभं राहून, टेपनं मोजून.

"किती दिवस झाले हे?" मी विचारलं.

"पट्टा आल्याधरनं." तिनं बाजूला सारलेलं आपलं खोकं परत ओढलं, त्यावर ती चढली आणि माझ्या हातातलं झाकण तिनं काढून घेतलं. "आमाला वाटलं, पट्टा असाच असतोय."